चिमूटभर खसखस आणि सरळ धावणारी जांभळी रेघ

मुठाकाठ
सोमवार, रात्री १०:१५

पावसाळा सुरू झाल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय. थोडं लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय प्रश्न नीट मांडता येणार नाही.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी मे महिन्यात एक काचेची नळी बसवली. लांबी १२० सेंमी, आतला व्यास १२ मिमी. चाळीस लिटरच्या प्लास्टिकच्या टबाला बाजूने भोक पाडून ती आत घेतली आहे. टबाच्या आत तिच्या तोंडाला स्टीलचं नरसाळं एम-सीलने जोडलंय, म्हणजे पाणी काचेच्या कडेवर न आपटता वळण घेत आत शिरतं. नरसाळ्याच्या बरोबर मध्ये सलाईनच्या सेटची सुई. वर टांगलेल्या बाटलीत पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी. सेटचं चाक हळूच सोडलं की केसाएवढी जांभळी रेघ नळीतून वाहायला लागते. नळीच्या दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह, खाली मापाचं भांडं, हातात फोनचं स्टॉपवॉच.

प्रयोग माझा नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने मँचेस्टरमध्ये केला आणि १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करायचा, त्याला श्यानतेने, म्हणजे द्रवाच्या दाटपणाने, भागायचं. येणाऱ्या आकड्याला एकक नसतं, तोच रेनॉल्ड्स आकडा. पुस्तकात लिहिलेलं असतं की साधारण २००० ते २३०० च्या खाली नळीतला प्रवाह लॅमिनार, म्हणजे थर एकमेकांवरून सरकत जाणारा, आणि त्याच्या वर टर्ब्युलंट, म्हणजे खळबळलेला. माझ्या नळीत पाणी २५ अंशांना असेल तर एक लिटर भरायला ६० सेकंद लागले की आकडा २००० च्या आसपास येतो. पुढचं सगळं मी 'लिटरला इतके सेकंद' असंच लिहितो, तुम्हाला हिशेब करायला सोपं.

मे महिन्यात रात्रभर टब न हलवता निवू दिला आणि सकाळी व्हॉल्व्ह उघडला, तर रेघ लिटरला ३० सेकंदांपर्यंत सरळ! म्हणजे आकडा ४०००. काचेला डोळा लावून बसलो तरी रेघेला साधा कंपही नाही, जणू काचेत ओतलेली तार.

आता जून संपताना नळाला गढूळ पाणी येतंय. तेच टबात भरलं आणि लगेच प्रयोग केला. लिटरला ४८ सेकंदांनाच रेघ तुटायला लागली. मध्येच एखादा तुकडा विस्कटतो, नळीभर फिकट जांभळं होतं, ते ढगासारखं पुढे वाहून जातं, आणि मागे रेघ पुन्हा सरळ उभी राहते.

तर प्रश्न असा. पाण्यातल्या मातीच्या बारीक कणांनी शांत प्रवाह बिघडवला, असं म्हणता येईल का? एवढासा कण एवढ्या पाण्याला हलवतो कसा?

---

ओंजळ
सोमवार, रात्री १०:५२

फार छान धागा! मला भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं, तरी रेघ तुटून पुन्हा जुळते हे वाचून अंगावर काटा आला. माझी शंका उलटी आहे. गढूळ पाणी साध्यापेक्षा दाट असतं ना? मग ते आणखी शांत वाहायला हवं. मधाची धार कधी खळबळत नाही.

---

कालवा
मंगळवार, सकाळी ७:०५

मुठाकाठ, रचना उत्तम आहे. नरसाळ्याचं तोंड लावलंत हे विशेष आवडलं, रेनॉल्ड्सनेही तेच केलं होतं. पण निष्कर्षाची घाई नको. मी जलसंपदा खात्यात ३१ वर्षं काढली, गाळाशी रोजचा संबंध होता, म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यात. मे महिन्यात पाणी रात्रभर निवलेलं होतं, आता नळ बंद करून लगेच सुरुवात केलीत. टबात पाणी भरताना जी फिरकी बसते ती डोळ्यांना दिसेनाशी झाली तरी तासन् तास जिरत नाही. रेनॉल्ड्ससुद्धा टाकी काही तास तशीच ठेवत असे. तेव्हा दोष मातीचा की फिरकीचा, हे या प्रयोगातून ठरत नाही.

दुसरी गोष्ट कणाच्या मापाची, आणि मला वाटतं सगळी किल्ली तिथेच आहे. २००३ मध्ये मातास, मॉरिस आणि ग्वाझेली यांनी अगदी हाच प्रश्न घेतला होता. पाण्याएवढ्याच घनतेचे गोल कण नळीत सोडायचे आणि प्रवाह कधी बिघडतो ते पाहायचं. नळीचा व्यास कणाच्या व्यासाच्या साधारण ६५ पटींहून मोठा असला, तर कण प्रवाहाला काहीच चिथावत नाहीत. त्यांच्यामुळे फक्त द्रव थोडा दाट झाल्यासारखा वागतो आणि खळबळ उशिरा सुरू होते. ओंजळ, तुमची शंका या बारीक कणांच्या बाबतीत तंतोतंत बरोबर आहे. पण कण त्याहून मोठे झाले की चित्र फिरतं. तेव्हा थोडेसे कणही प्रवाह लवकर बिघडवतात. आणखी गंमत म्हणजे तेच मोठे कण खूप जास्त भरले तर पुन्हा उशीर होतो, कारण मग दाटपणा वरचढ ठरतो.

तुमच्या नळीसाठी १२ मिमी भागिले ६५ केलं तर सुमारे ०.१८ मिमी येतात, म्हणजे बारीक वाळूचा कण. नळाच्या पाण्यातला गढूळपणा चिकणमातीचा असतो. तिचे कण काही मायक्रोमीटरचे, या मर्यादेच्या कितीतरी खाली. म्हणून माझा संशय मातीवर नाही.

तिसरी, तुमच्या ४००० या आकड्याबद्दल. नळीत शिरल्यावर वेगाची घडी (मध्यावर सर्वांत जलद, भिंतीपाशी थांबलेलं) पूर्ण बसायला जेवढी लांबी लागते ती साधारण ०.०६ गुणिले रेनॉल्ड्स आकडा गुणिले व्यास. २००० ला ती १४४ सेंमी होते. तुमची नळीच १२० ची. म्हणजे तुम्ही पाहताय तो अजून घडी बसत असलेला प्रवाह आहे. प्रयोग त्याने वाया जात नाही, पण पुस्तकातल्या आकड्याशी थेट तुलना करू नका.

अवांतर: नदीची गोष्ट इथे आणू नये. मुठेत मीटरभर खोल पाणी अर्धा मीटर दर सेकंदाने वाहत असलं तरी आकडा पाच लाखांवर जातो. ती आधीच खळबळलेली असते, तिला कणाच्या चिथावणीची गरज नाही.

---

गहुंजेकर
मंगळवार, दुपारी १:३०

ह्याचा क्रिकेटच्या चेंडूशी संबंध आहे का? नवा चेंडू हवेत वळतो तो शिवणीमुळे, असं ऐकलंय.

---

कालवा
मंगळवार, दुपारी २:१०

अगदी जवळचा संबंध आहे. १०८ किमी वेगाने टाकलेला चेंडू म्हणजे ३० मीटर दर सेकंद, व्यास सुमारे ७.२ सेंमी. हवेसाठी आकडा येतो दीड लाखाच्या अलीकडे. गुळगुळीत गोळ्यावर एवढ्या वेगाला हवेचा चिकटून वाहणारा थर अजून लॅमिनार राहतो. शिवण तिरकी धरली की एका बाजूचा थर तिच्यावर अडखळून टर्ब्युलंट होतो, आणि असा थर चेंडूला जास्त मागेपर्यंत धरून राहतो. दुसऱ्या बाजूचा लवकर सुटतो. दोन्ही बाजूंचा हा फरक चेंडूला वळवतो. गोळ्यावर तार बांधून हा परिणाम प्रांटल यांनी १९१४ मध्येच दाखवला होता.

शिवण एका जागी शिवलेली असते आणि मुठाकाठांचे कण वाहते आहेत, एवढाच फरक.

---

मुठाकाठ
मंगळवार, रात्री ९:२०

कालवा काका, डोळे उघडलेत. दोन गोष्टी एकदम बदलल्या हे लक्षातच आलं नव्हतं.

आज घाईत एक करून पाहिलं. निवलेल्या पाण्यात रांगोळी सोडली, म्हटलं तिचे कण ०.१८ पेक्षा मोठे असतील. पण ती दगडाची भुकटी, नळीत शिरल्यावर चार बोटं जाते न जाते तोच तळाला बसते आणि काचेवरून घरंगळत जाते. वरची रेघ जागच्या जागी. पाण्यात तरंगत राहील असं काही हवं. सुचवा.

गढूळपणासाठी शाडूची माती आणली आहे. गणपतीचे कारखाने सुरू झालेत, ओळखीच्या मूर्तिकाराने पिशवीभर दिली. ती रात्रभर भिजवून, वरचं गढूळ पाणीच फक्त घेऊन, परवा.

---

भिंगरी
मंगळवार, रात्री ११:४०

मी याच विषयात काम करते, म्हणून राहवलं नाही. आधी मुठाकाठ यांच्या मूळ प्रश्नाबद्दल, 'एवढासा कण एवढ्या पाण्याला हलवतो कसा'.

कण हलवत नाहीच. हलण्याची ताकद प्रवाहातच असते. नळीच्या मध्यावर पाणी सर्वांत वेगाने जातं आणि भिंतीला टेकलेलं पाणी थांबलेलं असतं. हा वेगातला फरक म्हणजे साठवलेली ऊर्जा. कण फक्त तिचं कुलूप उघडतो. भिंतीजवळून जाणाऱ्या कणाच्या एका अंगाला हळू पाणी, दुसऱ्या अंगाला जलद. तो गरगरतो, त्याच्या मागे छोटे भोवरे लांबट होत जातात. हे भोवरे भिंतीजवळचं हळू पाणी वर उचलतात आणि मधलं जलद पाणी खाली ओढतात. त्यामुळे हळू आणि जलद पाण्याच्या लांबच लांब पट्ट्या तयार होतात. त्या पट्ट्या लचकायला लागतात, तुटतात, आणि तुटताना नवे भोवरे घालतात. इथून पुढे कण नसला तरी चालतं.

आता यातली मला कायम अचंबित करणारी गोष्ट. गोल नळीतला पूर्ण घडी बसलेला लॅमिनार प्रवाह अगदी बारीक धक्क्यांना कोणत्याही वेगाला दाद देत नाही. आजवर जी गणितं झाली त्यांत असा एकही रेनॉल्ड्स आकडा सापडलेला नाही, ज्याच्या पुढे तो आपणहून बिघडतो. दोन सपाट पाट्यांमधल्या प्रवाहाला असा आकडा आहे, ५७७२, पण नळीला नाही. म्हणजे नळीत खळबळ होते ती दर वेळी कुणीतरी पुरेसा मोठा धक्का दिला म्हणून. टबातली फिरकी, काचेची खरबरीत कड, रस्त्यावरची थरथर, किंवा कण. हॉफ, ज्युएल आणि मलिन यांनी २००३ मध्ये धक्क्याचं माप घेऊन दाखवलं की लागणारा धक्का रेनॉल्ड्स आकड्याच्या व्यस्त प्रमाणात घटतो. आकडा दुप्पट केला तर निम्मा धक्का पुरतो. म्हणून शांत प्रवाह जितका वेगात, तितका तो हळवा.

पालखी पुण्यात येते तेव्हा लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून पाहिलंय का? दिंडी संथ चालत असताना एखाद्याची चप्पल तुटली आणि तो वाकला, तर मागचे दोघे वळसा घालून जातात, ओळ पुन्हा जुळते. पण पाऊल पळतं झालं असताना तोच माणूस वाकला तर दहा ओळींपर्यंत धक्का जातो. धक्क्याची ताकद त्या वाकलेल्या माणसाकडून आलेली नसते, चालणाऱ्या पायांमधूनच आलेली असते.

मुठाकाठ, तुम्ही पाहिलेला वाहत जाणारा जांभळा ढग रेनॉल्ड्सनेही पाहिला होता, नळीत मधूनच उठणारे झटके म्हणून. आता त्याला पफ म्हणतात. तो व्यासाच्या वीस-तीस पट लांब असतो, तुमच्या नळीत दीड वीतभर. नीट पाहा, त्याची मागची कड ठळक असेल आणि पुढची विरत गेलेली. अशा पफचं आयुष्य मर्यादित असतं. एक तर तो विरून जातो, नाहीतर त्याचे दोन होतात. २०११ मध्ये हॉफ यांच्या गटाने दाखवलं की आकडा २०४० च्या वर गेला की दुभंगणं विरण्यावर मात करतं. रेनॉल्ड्सच्या प्रयोगानंतर १२८ वर्षांनी हा आकडा हाती आला.

उघड्या पृष्ठभागावरही हेच. एमन्स यांना १९५१ मध्ये हार्वर्डला पाण्याच्या पातळ थरात खळबळीचे सुटे ठिपके उमटताना दिसले. ते ठिपके कसे आणि कुठे जन्मतात याचं गणित १९५७ मध्ये आपल्या रोद्दम नरसिंहा यांनी बंगळूरला मांडलं, आणि ते आजही वापरलं जातं. या विषयात भारतातून झालेलं हे मला सर्वांत देखणं काम वाटतं.

आणि हवेतले कण म्हणाल, तर एक्स-२१ विमानाची गोष्ट. नॉर्थ्रॉप कंपनीने १९६३ मध्ये उडवलेलं प्रायोगिक विमान. पंखावर बारीक फटी, त्यांतून पृष्ठभागाजवळची हवा आत शोषायची, म्हणजे पंखावरचा प्रवाह लॅमिनार राहतो आणि इंधन वाचतं. उघड्या आकाशात ते जमलं. पण विमान विरळ सिरस ढगांत शिरलं की लॅमिनार प्रवाह जायचा आणि ढगाबाहेर आलं की परतायचा. कारण ढगातले बर्फाचे स्फटिक, मायक्रोमीटरांत मोजावे असे. पंखावरचा थर पातळ आणि वेग प्रचंड, म्हणून तिथे तेवढे कणही मोठे ठरले.

तरंगणाऱ्या कणांसाठी खसखस घ्या. दाणा साधारण १ मिमीचा, तुमच्या नळीत व्यासाचा बारावा हिस्सा. रात्रभर भिजवा म्हणजे चिकटलेली हवा सुटेल, कारण हवेचा बुडबुडाही कणच. मग पाण्यात मीठ घालत जा, दाणा ना बुडेल ना तरंगेल तोवर. दाणे ड्रॉपरने नरसाळ्यापाशी सोडा, पण आधी नुसतं मिठाचं पाणी भरलेला ड्रॉपर तसाच दाबून पाहा. नाहीतर दोष दाण्याचा की ड्रॉपरचा हा नवा वाद!

---

नाडी
बुधवार, सकाळी ६:३०

रक्ताचं काय? मी डॉक्टर आहे. लाल पेशी ७-८ मायक्रोमीटरच्या, महाधमनी अडीच सेंमीची. कालवा यांच्या हिशेबाने व्यास पेशीच्या तीन हजार पट. म्हणजे पेशी चिथावणाऱ्या गटात नाहीत, दाट करणाऱ्या गटात आहेत. हे आम्हाला रोज ऐकूही येतं. रक्तक्षय झालेल्या रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की झडप निरोगी असूनही मर्मर, म्हणजे खळबळलेल्या रक्ताचा आवाज, ऐकू येते. पेशी कमी, म्हणून रक्त पातळ, आणि ऑक्सिजनची तूट भरायला हृदय ते जास्त वेगाने ढकलतं. रेनॉल्ड्स आकडा दोन्ही बाजूंनी वाढतो. हिमोग्लोबिन भरून आलं की ती मर्मर जाते. इतकी वर्षं ऐकतोय, पण कणांच्या मापाच्या अंगाने आज पहिल्यांदा विचार केला.

---

ओंजळ
बुधवार, सकाळी ९:१५

नाडी, माझ्या बहिणीला गरोदरपणात रक्त कमी असताना असाच आवाज सांगितला होता, आम्ही किती घाबरलो होतो. आज कारण कळलं.

बारीक कणांनी पाणी दाट होतं म्हणजे किती होतं? चमचाभर मातीने?

---

भिंगरी
बुधवार, सकाळी ९:४०

याचं सूत्र आइन्स्टाइन यांनी १९०६ मध्ये दिलं आणि १९११ मध्ये स्वतःच दुरुस्त केलं. कणांनी द्रवाचा जेवढा हिस्सा व्यापलाय त्याच्या अडीच पट श्यानता वाढते, कण विरळ असतील तोवर. लिटरभर पाण्यात ग्रॅमभर माती म्हणजे आकारमानाने हजारात अर्ध्याहूनही कमी, वाढ जेमतेम सहस्रांश. मुठाकाठ यांना स्टॉपवॉचवर काहीही कळणार नाही.

---

मुठाकाठ
रविवार, दुपारी १२:०५

तीन सकाळी गच्चीवर गेल्या. सविस्तर लिहितो.

शाडू: गढूळ पाणी मिसळलं, टब रात्रभर निवू दिला. पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं, नळीमागे पांढरा कागद लावल्यावर रेघ दिसली. लिटरला ३० सेकंदांपर्यंत सरळ, मेमधल्या स्वच्छ पाण्याइतकीच. काका, माती निर्दोष.

खसखस: शनिवारी भिजवलेले दाणे, खडे मीठ. मीठ विरघळवताना हात भरून आला, वाटलं त्यापेक्षा बरंच लागलं. एका क्षणी दाणे पेल्यात मधल्या मध्ये उभे राहिले. तो पेला मी किती वेळ नुसता पाहत होतो. दाणे घालण्याआधी मिठाचं पाणी तपासलं, ३० पर्यंत सरळ. नुसत्या मिठाच्या पाण्याचा ड्रॉपर दाबला, रेघ जराशी वाकली आणि सावरली.

मग लिटरला ६० सेकंद ठेवून चिमूटभर, दहा-बारा दाणे. ते नळीत शिरले आणि रेघ थरथरली, एका जागी फुटून फिकट झाली, पण नळीच्या निम्म्यात येईपर्यंत तो डाग आक्रसत गेला. शेवटाला रेघ पुन्हा एकसंध.

४८ सेकंदांना तेवढेच दाणे. इथे मात्र दिसलं! दाणे पुढे निघाले, आणि त्यांच्यामागे साधारण हातभर अंतरावर रेघेने एक आटा घेतला, दोरीला पीळ पडावा तसा. पुढच्याच क्षणी ती काचेपर्यंत विस्कटली. सहा सेकंदांत ढग नळीपार गेला आणि कुठेही विरला नाही. मागची कड ठळक, पुढची विरलेली, भिंगरी यांनी सांगितलं होतं तशीच. आठ वेळा केलं, सहा वेळा ढग उठला. न उठलेल्या दोन वेळी बहुतेक दाणे मध्यातून गेले होते, भिंतीपासून लांब.

---

कालवा
रविवार, दुपारी ३:४५

छान काम. आठपैकी सहा हे जसंच्या तसं लिहिलंत त्याबद्दल अभिनंदन. पण तुमचे आकडे दुरुस्त करावे लागतील. मिठाने घनता वाढते, श्यानता त्याहून जास्त वाढते. म्हणजे त्याच वेगाला रेनॉल्ड्स आकडा कमी. सलाईनच्या सुईतून १०० मिली पाणी नुसत्या उंचीच्या जोरावर गळू द्या, आधी साधं, मग मिठाचं. बाटलीची उंची तीच ठेवा. लागलेल्या वेळांचं गुणोत्तर हेच तुमचं उत्तर, घनता वेगळी मोजायची गरज नाही.

---

मुठाकाठ
रविवार, रात्री ८:३०

साधं पाणी ३ मिनिटं २० सेकंद, मिठाचं ३ मिनिटं ५० सेकंद. गुणोत्तर १.१५. म्हणजे ६० सेकंदांचा आकडा २००० नसून १७४० होता आणि ४८ चा २५०० नसून २१७०. डाग विरला १७४० ला आणि टिकला २१७० ला. २०४० बरोबर मध्ये येतो!

---

कालवा
रविवार, रात्री ८:५०

येतो खरा, पण नळी १२० सेंमीचीच आहे हे विसरू नका. ती तीन मीटरची करा, मग मी पेढे आणतो.

---

भिंगरी
रविवार, रात्री ९:३०

अजून दोन गोष्टी पाहा. आकडा हजाराच्या आसपास ठेवून दाणे सोडत राहा आणि नळीच्या टोकाकडून आत बघा. ते सगळीकडे पसरलेले नसतील. मध्यापासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या साधारण ०.६ वर त्यांचं कडं होत जातं. सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी हे १९६१ मध्ये टिपलं. शांत प्रवाहच कणांना भिंतीच्या बाजूला ढकलतो आणि तिथून ते त्यालाच बिघडवू शकतात, हे मला फार विलक्षण वाटतं. कण खूप वाढवले तर हॉफ यांच्या गटाने २०१९ मध्ये पाहिलं तसं पफ दिसेनासे होतात आणि खळबळ एकदम न येता हळूहळू चढत जाते. ते घरी करू नका, इतक्या खसखशीतून रेघ दिसायची नाही, आणि खसखस महाग आहे.

दुसरं, प्रयोग पहाटे करा. रेनॉल्ड्सने सगळी काळजी घेऊन १३,००० पर्यंत प्रवाह शांत ठेवला होता. त्याचं उपकरण मँचेस्टरला जपून ठेवलं आहे. पुढे त्याच उपकरणावर प्रयोग केला तेव्हा तेवढं जमलं नाही, कारण रस्त्यावरच्या वाहनांची थरथर. तुमचा टब पेठेत आहे!

---

मुठाकाठ
पुढचा रविवार, सकाळी ८:१०

पहाटे चारला गेलो. रस्त्यावर एक पाववाला सायकलवरून गेला, बाकी शांत. मिठाचं पाणी दोन रात्री निवलेलं. व्हॉल्व्ह हळूहळू उघडत गेलो आणि रेघ लिटरला २४ सेकंदांनाही सरळ राहिली. मिठाचा हिशेब धरून ४३५० च्या जवळ. दिवसा कधीच एवढं जमलं नव्हतं.

मग एकच दाणा सोडला. एकच. तो दिसलाही नाही, रेघेने आटा घेतला तेव्हाच कळलं की तो गेला. या वेळी ढग दीड वीतभर राहिला नाही. वाहता वाहता दोन्हीकडून लांबत गेला आणि बाहेर पडेपर्यंत जवळजवळ अर्धी नळी जांभळट झाली होती. रविवारी दहा-बारा दाण्यांनीही जे दोनदा झालं नव्हतं, ते या वेगाला एका दाण्याने केलं.

कडंही दिसलं. व्हॉल्व्ह काढून टोकाला वाकडा आरसा धरला, बॅटरी मारली. दाणे मध्यातून नाहीत, भिंतीलगत नाहीत, बांगडीसारखे गोलात.

आता पहिल्या दिवसाचं. टब धुवायला काढला तेव्हा नरसाळ्याच्या मुखाशी, एम-सीलच्या सांध्यावर क्षाराचा एक पापुद्रा उभा चिकटलेला सापडला, नखाच्या टोकाएवढा. पण तो मे महिन्यातही असेल तर तेव्हा ४००० कसे जमले? आणि शाडूच्या वेळीही ३० सेकंद कसे? म्हणून तो तसाच ठेवून आज दोनदा केलं. निवलेलं साधं पाणी, पापुद्र्यासकट: ३१ सेकंद. नुकतं भरलेलं साधं पाणी: ४७. काका, तुमची पहिलीच शंका खरी होती. टबातली फिरकी.

---

कालवा
पुढचा रविवार, सकाळी ८:४०

पापुद्रा सापडल्यावरही त्याच्यावर खापर न फोडता पुन्हा तपासलंत, याचं फार समाधान वाटलं. खसखशीचे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा, पाण्याचं तापमानही. २५ ऐवजी ३० अंश असेल तर आकडा दहा-बारा टक्के वर जातो.

---

फळा_खडू
पुढचा रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार. मी भोर तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. नववीच्या मुलांना हे दाखवायचं आहे. काचेची नळी शाळेला परवडेल का, की प्लास्टिकची चालेल? आणि मीठ किती लागलं?

---

मुठाकाठ
पुढचा रविवार, सकाळी ११:५५

बाई, अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक नळी चालेल, कापलेली कड मात्र बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. आकड्यासाठी व्यास आतला धरायचा, बाहेरचा नाही. मीठ मोजलं नाही, दाणा पाहत थोडं थोडं घाला. दाणे आदल्या रात्री भिजवायला विसरू नका. टब आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा आणि सकाळी प्रार्थनेच्या आधी करा, वर्गात मुलं शिरली की बाकं हलतात. सलाईनचा नवा सेट आणि एक सुई माझ्याकडे जास्तीची आहे, व्यक्तिगत निरोपात शाळेचा पत्ता कळवा, पाठवून देतो.